‘संग्राहक’ या रकान्यातले नाव

वाळवलेल्या वनस्पतीच्या नमुन्याखाली एक चिठ्ठी चिकटवलेली असते. अशी चिठ्ठी हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असे काही वाचक विचारतील. होऊ शकतो, असे माझे मत आहे. कविता, कादंबरी आणि आत्मकथने यांचीच समीक्षा करायची आणि ज्या कागदांवर ज्ञानाची मालकी ठरते ते कागद तज्ज्ञांच्या हवाली करून मोकळे व्हायचे, ही सवय आपण प्रस्थापितांकडूनच उचलली आहे. मी मराठीचा शिक्षक आहे. वनस्पतिशास्त्र मला येत नाही. परंतु चिठ्ठी मराठीत लिहिलेली होती आणि ती लिहिणारा माझा विद्यार्थी होता, म्हणून तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार मी घेतो.

हा मुलगा बारावीला माझ्या वर्गात होता. आपल्याच समाजातला, घरात पदवीपर्यंत पोचणारा पहिला. आता तो आयुर्वेदाच्या पदवीला दुसऱ्या वर्षात आहे. त्या वर्षाला ‘द्रव्यगुण’ हा विषय असतो. त्यासाठी रानात जाऊन औषधी वनस्पती ओळखायच्या, दाबून वाळवायच्या, वहीत लावायच्या आणि प्रत्येकीखाली चिठ्ठी लिहून परीक्षकापुढे ठेवायच्या. सप्टेंबर २०२४ च्या शेवटच्या रविवारी तो आणि त्याचे पाच-सहा सोबती पेण तालुक्यातील हमरापूरकडे निघाले, आणि “सर, तुम्हीपण चला” म्हणाला म्हणून मीही गेलो.

हमरापूर हे गणपतीच्या कारखान्यांचे गाव. गणेशोत्सव उलटून गेलेला, त्यामुळे कारखाने शांत होते. आवारात साचे पडलेले होते. एका अंगाला भातशेती आणि खारजमीन, दुसऱ्या अंगाला डोंगर. पोरे डोंगराच्या पायथ्याच्या रानात शिरली. तासाभरात त्यांच्या पिशव्या भरल्या. पण ओळखीवरून भांडणेही सुरू झाली. कुड्याच्या म्हणून तोडलेल्या दोन फांद्या एकाच झाडाच्या की दोन वेगळ्या, यावर दोघांचे जुंपले. हातात मोबाईल, मोबाईलमध्ये पुस्तक, पुस्तकात फुलांचे चित्र. आणि झाडावर फूल नाही, कारण कुडा फुलतो उन्हाळ्यात.

तेवढ्यात मोळी घेऊन उतरणारी एक म्हातारी कातकरीण थांबली. तिने मोळी खाली टाकली, दोन्ही फांद्या हातात घेतल्या आणि म्हणाली, “यो पांढरा, त्यो काळा. पांढऱ्याची साल चाव, मंग समजंल.” पोराने साल चावली आणि तोंड वेडेवाकडे केले. पांढऱ्या कुड्याची साल कडूजहर. आयुर्वेदातला कुटज तो हाच, अतिसारावर देतात तो. काळा कुडा निराळा. त्याची पाने खोबरेल तेलात घालून उन्हात ठेवली की तेल जांभळे होते, त्याचे बीही गोडसर. बाजारात कुटजाच्या सालीत काळ्या कुड्याची साल मिसळली जाते, ही आयुर्वेदाच्या प्राध्यापकांची जुनी तक्रार आहे. ज्या भेसळीवर शोधनिबंध लिहिले जातात ती भेसळ त्या बाईने दातांनी निवडून दाखविली.

मग ती दोन तास आमच्याबरोबर फिरली. मुरुडशेंग दाखविली. पोटात मुरडा आला की हिची शेंग उगाळून देतात, शेंगही मुरडलेली. दमवेल दाखविली. कळलावीला फुले होती; एका मुलीने ती हौसेने तोडली तेव्हा म्हातारी ओरडली, हात धुतल्याशिवाय काही खाऊ नको म्हणाली. कळलावीचा कंद विषारी असतो. बाई अडली की त्याचा लेप लावीत, कळा येण्यासाठी. म्हणून ती कळ लावणारी. पोरे भराभर लिहून घेत होती. दुपारी आम्ही तिला आमच्या डब्यातले दिले, तिने थोडे खाल्ले, बाकीचे नातवंडांसाठी पदरात बांधले, आणि मोळी उचलून ती गेली.

पंधरा दिवसांनी मुलगा वही दाखवायला घरी आला. काम सुबक होते. प्रत्येक नमुन्याखाली चिठ्ठी, तिच्यावर छापील रकाने: शास्त्रीय नाव, कुल, संस्कृत नाव, मराठी नाव, उपयुक्त अंग, उपयोग, ठिकाण, दिनांक, संग्राहक. ‘उपयोग’ या रकान्यात भावप्रकाशाचा हवाला. ‘संग्राहक’ या रकान्यात मुलाचे नाव. कुड्याखाली तेच, मुरुडशेंगेखाली तेच, कळलावीखालीही तेच.

मी विचारले, “आणि ती आजी?”

तो म्हणाला, “सर, तिचं नाव लिहायला रकानाच नाही.”

या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहीत आहे. मुलगा खोटे बोलत नव्हता आणि चोरीही करीत नव्हता. तोडले त्याने, दाबले त्याने, म्हणून संग्राहक तो. पण ज्या क्षणी फांदी ‘काहीतरी झाड’ राहिली नाही आणि ‘पांढरा कुडा’ झाली, त्या क्षणाची नोंद कागदावर कोठेच नाही. कागद असा बनविला आहे की ती नोंद होऊच नये. हा कागद कोणी आखला? एखाद्या महाविद्यालयाने नव्हे. त्याच्या रेघा फार पूर्वीच्या आहेत.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पहिल्याच अध्यायात असे म्हटले आहे की शेळ्या-मेंढ्या राखणारे, गाई राखणारे आणि इतर वनवासी हे औषधींना नावाने व रूपाने ओळखतात. सुश्रुतसंहितेत गुराखी, तापस, व्याध आणि कंदमुळांवर राहणारे वनचर यांच्याकडून औषधी ओळखून घ्याव्यात असा सल्ला आहे. हे दोन उतारे आजकाल व्याख्यानांतून फार अभिमानाने सांगितले जातात. पाहा, आमच्या ऋषींनी वनवासींना गुरू मानले! मात्र चरकाचा पुढचा भाग व्याख्याते सांगत नाहीत. तेथे म्हटले आहे की नुसते नाव कळल्याने किंवा रूप कळल्याने औषधीचे खरे ज्ञान कोणाला होत नाही. देश, काल आणि रोगी पाहून तिची योजना जाणतो तो श्रेष्ठ वैद्य. आणि हा वैद्य कोण होणार? त्याच सूत्रस्थानाच्या तिसाव्या अध्यायात आयुर्वेद शिकण्याचे अधिकारी दिले आहेत: ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य. सुश्रुत एक पाऊल पुढे जातो. कुलीन शूद्राला उपनयन न करता, मंत्र वगळून शिकवावे असे काहींचे मत असल्याचे नमूद करतो. त्यापलीकडच्यांचा उल्लेखही नाही.

म्हणजे ओळखणे एकाकडे आणि योजना दुसऱ्याकडे. वनवासीकडून नाव घ्यायचे, रूप घ्यायचे, मूळ खणून घ्यायचे आणि मग सांगायचे की खरे ज्ञान तुझ्यापाशी नाहीच. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ मध्ये दाखवून दिले. येथे ज्ञानाची विभागणी आणि जाणत्यांची उतरंड एकदमच दिसते.

वैद्यही सुखात होता असे नाही. याच जिल्ह्यात, महाडला, २५ डिसेंबर १९२७ रोजी जी मनुस्मृती जाळली गेली तिने वैद्याच्या घरचे अन्न पुवासमान ठरविले आहे आणि श्राद्धाच्या पंगतीतून त्याला उठविले आहे. देवीप्रसाद चट्टोपाध्याय यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात यावर सविस्तर लिहिले आहे: जो सर्वांच्या शरीराला हात लावतो, जो डोळ्यांनी पाहिलेले ग्रंथातल्या वचनापेक्षा मोठे मानतो, तो धर्मशास्त्राला सोसवत नाही. मला वाटते, वैद्याने आपली सुटका एकाच मार्गाने करून घेतली. ज्या कामांमुळे तो विटाळत होता ती त्याने खाली ढकलली. खणणे, कुटणे, बाळंतपण करणे ही कामे खालच्यांकडे गेली. श्लोक त्याच्याकडे राहिला. सुईण बहुधा मांगाच्या घरची, जडीबुटी विकणारा भटका वैदू. वैद्य आणि वैदू हे दोन शब्द जरा शेजारी ठेवून पाहा. मूळ एकच. एकाला आपण ‘वैद्यराज’ म्हणतो. दुसरा भटक्या जमातींच्या यादीत आहे आणि त्याचे नाव घेतले की सुशिक्षित माणूस हसतो. तसेच ‘वनौषधी’ आणि ‘झाडपाला’. पाने तीच, फक्त हात बदलला.

आता ओळखणाऱ्याला योजना कळत नाही, या मूळ प्रतिपादनाकडे येऊ. हा भेद सर्वस्वी पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. मात्रा चुकली तर कळलावीने माणूस मरतो. पण ‘कळलावी’ हे नाव म्हातारीच्या बोलीतले आहे आणि योजना त्या नावातच बसलेली आहे. ‘मुरुडशेंग’ या एका शब्दात रूप आहे आणि उपयोगही आहे. ‘दमवेल’ म्हटले की रोग सांगून झाला. या नावांतून योजना वेगळी काढून दाखवा! जो समाज झाडाला नाव ठेवतानाच त्याचे काम सांगून ठेवतो, त्याला नुसती नावे पाठ आहेत असे म्हणणे ही भाषेची न वाचता केलेली समीक्षा आहे.

याहून पक्का पुरावा पायाखाली उगवतो. शेताच्या बांधावरचा दगडी पाला, ज्याला एकदांडी किंवा कंबरमोडीही म्हणतात, तो विळा लागला की चोळून जखमेवर दाबण्याची रीत महाराष्ट्रभर आहे. मीही लहानपणी दाबला आहे. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. चरकाला, सुश्रुताला ती माहीत असणे शक्य नाही. गेल्या काही शतकांत ती येथे आली. मग तिचा उपयोग कोणत्या ऋषीने सांगितला? गवत कापणाऱ्यांनी, गुरे राखणाऱ्यांनी एक परके तण पाहिले, हाताळले, जखमेवर लावून पाहिले, अनुभव एकमेकांना सांगितला आणि नावही ठेवले. निरीक्षण, प्रयोग, पडताळा; विज्ञान याहून निराळे काय असते? मुलाच्या वहीत दगडी पाला नव्हता. श्लोक नाही म्हणून त्याने तो लावलाच नाही.

नाव नोंदविणे अशक्य असते, असे कोणी म्हणू नये. साडेतीनशे वर्षांपूर्वी ते झालेले आहे. कोचीनचा डच अधिकारी व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्टुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करविला. तो १६७८ पासून अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला. त्याला माहिती देणाऱ्यांत तीन कोंकणी ब्राह्मण होते: रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. आणि इट्टी अच्युतन होता, एळवा जातीचा, म्हणजे तेव्हाच्या केरळात ज्याच्या सावलीचाही विटाळ मानीत असा वैद्य. व्हान रीडने त्यांची १६७५ सालची प्रशस्तिपत्रे त्यांच्याच लिपीत पहिल्या खंडात छापली. ब्राह्मणांचे पत्र नागरीत आहे आणि त्यात निघंटूचा आधार आहे. अच्युतनचे त्याच्या स्वतःच्या घराण्याच्या विद्येवर उभे आहे. पुढे ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञाने एका वनस्पतिवंशाला ‘अचुडेमिया’ हे नाव अच्युतनवरून दिले. व्हान रीड वसाहतवादी होता, मिरीच्या व्यापारासाठी आला होता. त्याची आरती ओवाळण्याचे कारण नाही. परंतु परक्या व्यापाऱ्याच्या ग्रंथात विटाळलेल्या वैद्याच्या नावाला जागा मिळते आणि आमच्या विद्यार्थ्याच्या चिठ्ठीत मिळत नाही, ही गोष्ट बोचते.

कोणी म्हणेल, नाव लिहिले काय आणि न लिहिले काय, म्हातारीला काय फरक पडतो? फरक पडतो, आणि तो पैशाचा आहे. १९८७ मध्ये केरळच्या अगस्त्य पर्वतात शास्त्रज्ञांची एक तुकडी हिंडत होती. बरोबरचे काणी आदिवासी वाटाडे थकत नव्हते, कारण ते एका वनस्पतीची फळे खात होते. ती ‘आरोग्यपच्चा’. तीवरून ‘जीवनी’ नावाचे औषध झाले, १९९५ मध्ये त्याचे तंत्रज्ञान कोइमतूरच्या एका औषध कंपनीला दिले गेले, आणि परवाना शुल्क व स्वामित्वधन यांतील निम्मा वाटा काणींना द्यायचे ठरले. त्यासाठी १९९७ मध्ये त्यांचा न्यास झाला. त्या व्यवहारावर पुष्कळ आक्षेप आहेत, पण वाटा मागता आला तो ज्ञान कोणाचे हे नोंदले गेले होते म्हणून. पुढे २००२ चा जैवविविधता कायदा आला आणि लाभात वाटा देण्याचे तत्त्व कायद्यात बसले. २०२३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. तिने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाच्या वापराला आणि आयुष पद्धतीच्या व्यावसायिकांना त्या बंधनातून सूट दिली. म्हणजे भावप्रकाशात सापडले की वाटा द्यायला नको. मुलाच्या चिठ्ठीवर ‘उपयोग’ या रकान्यात भावप्रकाश आहे आणि आजी नाही, हे आता निरागस राहत नाही. तो परीक्षेसाठी जे करतो तेच कायद्याने मोठ्या प्रमाणावर केले आहे.

त्याच कायद्याप्रमाणे स्थानिक पातळीवर लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते, आणि तिच्यात गावातील वैदू, हकीम व पारंपरिक उपचार करणारे यांची यादी करण्याची सोय आहे. पण मोळी विकणारी बाई स्वतःला वैदू म्हणवत नाही आणि नोंद करणारा तिला तसे समजत नाही.

कातकऱ्यांच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिकच क्रूर आहे. खैराचे गाभ्याचे लाकूड उकळून कात काढणारे ते कातकरी. एका औषधी द्रव्यावरून अख्ख्या जमातीचे नाव पडले. खदिरारिष्टाची बाटली कोणत्याही आयुर्वेदिक दुकानात मिळते. खदिर म्हणजे हाच खैर. इंग्रजी अमदानीत १८७८ च्या कायद्याने राखीव जंगले झाली, खैर सरकारचा झाला आणि कातकरी चोर ठरला. चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात २५ सप्टेंबर १९३० रोजी नाग्या महादू कातकरी गोळीला बळी पडला. ते गाव येथून फार दूर नाही. आज महाराष्ट्रात ज्या तीन जमाती विशेष दुर्बल मानल्या जातात त्यांत कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी आहेत. हमरापूरचे गणपती साऱ्या महाराष्ट्रात जातात. त्या गणपतीला वाहायची एकवीस प्रकारची पत्री रानातून तोडून बाजारात आणून बसतात त्या आदिवासी बायाच. पत्रीपूजेमुळे समाजाला वनस्पतींची ओळख राहते, असे दर भाद्रपदात वर्तमानपत्रांतून छापून येते. कोणाला राहते? आघाडा कोणता आणि माका कोणता हे पूजा करणाऱ्याला जुडी सोडल्यावरही कळत नाही. जिला कळते ती फूटपाथवर बसलेली असते.

आता आपल्या घराकडे. माझी आजी कोकणातल्याच एका गावात महारवाड्यात राहत असे आणि तिला मुळ्या ठाऊक होत्या. गावचा वैद्य तिच्याकडून त्या आणवी. ती अंगणाबाहेर उभी राही, मुळी जमिनीवर ठेवी, घरचे कोणी तिच्यावर पाणी शिंपडून आत नेई. मुळी पाण्याने शुद्ध होई. आजी होत नसे. माझ्या आईने यातले काहीही शिकून घेतले नाही आणि मलाही शिकू दिले नाही. “ते शिकून परत त्याच अंगणात उभा राहणार का?” असे ती म्हणे. मी तिला दोष देऊ शकत नाही. गाव सोडा, मेलेली ढोरे सोडा, असे सांगणाऱ्या चळवळीत ती वाढली होती, आणि त्या मुळ्या त्या अंगणाशी बांधलेल्या होत्या. पण त्यामुळे असे झाले की, निदान माझ्या वाचनात, दलित साहित्यात भूक आली, भाकरी आली, वेस आणि पाणवठा आला. आजीच्या मुळ्या फारशा आल्या नाहीत. आपण आपले दुःख नोंदविले. आपले ज्ञान नोंदवावे असे आपल्याला वाटले नाही, कारण ते ज्ञान आहे असे आपल्यालाही कोणी सांगितले नव्हते.

याचा अर्थ झाडपाल्याचे गोडवे गावेत असा मात्र कोणी घेऊ नये. कातकरीवाडीला विंचू-सर्प चावला की प्रतिविषाची लस हवी, बाळंतिणीला दवाखाना हवा, डॉक्टर हवा. ‘त्यांच्याकडे त्यांची औषधे असतात’ असे कौतुकाने म्हणत वाडीवर रस्ता न नेणारे लोक मी पाहिले आहेत. ज्ञानाचा मान आणि औषधोपचाराचा हक्क या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी लागतात. एक देऊन दुसरी टाळण्याचा धंदा आपल्याला चांगला माहीत आहे.

हे सगळे मी त्या मुलाला इतक्या विस्ताराने सांगितले नाही. मी एवढेच म्हणालो की रकाना नसेल तर तू आख. तो जरा घाबरला. परीक्षक बाहेरून येतात, त्यांना वाटेल की मला ओळखता आले नाही म्हणून विचारावे लागले, गुण जातील, असे म्हणाला. त्याची भीती खोटी नव्हती. मी त्याच्या जागी असतो तर मीही घाबरलो असतो. आपल्या मुलांना ‘हे मला कोणीतरी शिकवले’ असे म्हणणेही महाग पडते. ‘तुला काही येत नाही’ हे ऐकायला ती सदैव तयार बसलेली असतात. चार दिवसांनी त्याचा फोन आला. प्रत्येक चिठ्ठीवर संग्राहकाच्या वर त्याने पट्टी लावून एक ओळ आखली होती: ‘ओळख पटविणार’. आणि मग त्याच्या लक्षात आले की दिवसभर आम्ही सगळे तिला ‘आजी’ म्हणत होतो. नाव कोणीच विचारले नव्हते. मीसुद्धा नाही.

दिवाळीनंतरच्या रविवारी तो एकटाच हमरापूरला जाऊन आला. वाडीवर दोन म्हातारे आणि काही कोंबड्या होत्या, बाकी घरांना कुडाची दारे लावून दोरीने बांधलेली. भाऊबीज झाल्यावर सगळी माणसे मुकादमाबरोबर वीटभट्टीवर गेली, कोणती भट्टी ते म्हाताऱ्यांना सांगता आले नाही. मोळीवाली म्हणजे कोण, असे त्यांनी विचारले. वाडीवर मोळी सगळ्याच विकतात. भट्ट्या पावसाच्या तोंडावर बंद होतात, तेव्हा माणसे परततात. त्याची परीक्षा त्याच्या आधी होती.